रकाना क्रमांक सतरा

मासेरूहून निघताना साहेब म्हणाले,
"फक्त खुणा कर. गोष्टी लिहीत बसू नकोस.
गोष्टींची बेरीज होत नाही."

शेवटचा टप्पा तट्टावरून. जुलै, म्हणजे इथली ऐन थंडी.
हा-राफोलो: एकोणीस घरं, एक बंद दुकान,
आणि खाली दरीत
डोळ्यांना टोचेल इतकं निळं
धरणाचं पाणी.

मी पडताळणीला आलोय.
राष्ट्रीय विकास आराखडा, वर्ष चौथं.
त्यात 'हक्क' हा शब्द बावीस वेळा आलाय.
मोजलेत मी, रात्री झोप येईना तेव्हा.
मग 'लाभार्थी' मोजायला घेतले
आणि मेणबत्ती संपली.

मालिनेओ दारातच उभी,
घोंगडी छातीशी पिनेनं आवळलेली.
लिनेओची आई म्हणून मालिनेओ.
लिनेओ स्वतः सीमेपलीकडे
कुणाच्या तरी लाद्या पुसते.

"पिण्याच्या पाण्याचा सुधारित स्रोत आहे का?"
तिनं बोट दाखवलं.
सिमेंटचा कट्टा. पितळी तोटी. उद्घाटनाची पाटी.
"आहे."
मी खूण केली. मग, उगाच, विचारलं,
"आणि पाणी?"
"पाणी तुझ्या प्रश्नात होतं का?"

मी प्रश्न पुन्हा वाचला.
नव्हतं.

"आरोग्य केंद्र दोन तासांच्या आत?"
"मला दोन तास.
माझी सून निघाली होती, नववा महिना, बर्फ पडत होतं.
ती पोचलीच नाही.
तिचे किती धरायचे?"

पेन गारठलं होतं. तोंडाची वाफ देऊन
मी ते चालतं केलं. तेवढाच वेळ मिळाला
खाली बघायला.

शेजारचे सेखोबे आजोबा येऊन बसले.
त्यांचं नाव माझ्या यादीत नव्हतं
तरी बसले.
"ते बदक दिसतंय? काळं?
त्याच्या बरोबर खाली माझं ज्वारीचं शेत.
आता दरवर्षी मक्याची पोती येतात.
कागदावर लिहिलंय, पोतं म्हणजे शेत.
मी अंगठा दिला. पण पोत्याला
मी कधी नांगर लावलेला नाही."
हसले. दात नव्हते फारसे.
"बदक मात्र सुखात आहे. तेही लिही."

सोळा रकाने भरले.
तेरा होकार. कुठल्याही कोष्टकात
हे गाव चांगलं दिसेल.

मी वही मिटत होतो तेव्हा मालिनेओ म्हणाली,
"थांब. आता मी विचारते. एकच.
नळ कोरडा पडला, तर मी कुणाकडे जायचं?"
मी म्हटलं, विभाग आहे, समिती आहे,
जिल्ह्याला कार्यालय…
"नाव सांग."
मी पान नऊ उघडलं.
*जबाबदार यंत्रणा: निश्चित व्हायची आहे.*
तिला वाचता येत होतं. तिनं वाचलं.
काही बोलली नाही. आत गेली
आणि उकडलेल्या पालेभाजीबरोबर
पापाचा गोळा घेऊन आली.
म्हणाली, "खा. तू तरी लांबून आलायस."

रकाना क्रमांक सतरा: शेरा (ऐच्छिक).
दीड बोट जागा.
तिथं मी लिहिलं, अक्षर बारीक करून,
*कुणाकडे जायचं?*

ऑगस्टमध्ये अहवाल निघाला. गुळगुळीत कागद.
सुधारित स्रोत: एक्याण्णव टक्के.
त्या टक्क्यांतली एक तोटी मी हातानं फिरवून पाहिलीय.
करकरली, आणि गंजाचं बोटभर तांबडं
तळहाताला लागलं.
सतराव्या रकान्याचं विचारलं तर
संगणकावरची पोरगी म्हणाली,
"तो आम्ही चढवत नाही. त्यात आकडा नसतो."

पण परतीचं सांगायचं राहिलं.
उतरताना तट्टू धरणाच्या काठाशी थांबलं.
लगाम ओढला, हललं नाही.
मान खाली घातली
आणि पोट भरेपर्यंत प्यालं.
वर, चढणीवर, मालिनेओ
डोक्यावर बादली घेऊन झऱ्याकडे निघालेली.
मी हात केला.
तिचे दोन्ही हात बादलीला होते.